कॅल्क्युलेटर द्यायचा की लपवायचा?

मागच्या अंकात पाढ्यांवर दोन शब्द लिहिले आणि नंतर जी पत्रं, मेसेज आले त्यातले बरेचसे फिरून फिरून कॅल्क्युलेटरवरच येऊन थांबत होते. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलंय. काही पत्रं लांब होती, ती थोडी आटोपशीर केली आहेत, राग मानू नका.

बाई, नमस्कार. मुलगा आठवीत आहे, सेमी इंग्लिश. गणिताचा होमवर्क म्हटला की मोबाईल शेजारी पाहिजेच. परवा मी पोळ्या लाटत होते आणि हा आत येऊन म्हणतो, आई फोन दे, मी म्हटलं कशाला, तर म्हणे आठ सत्ते किती ते बघायचंय. मला धक्काच बसला. त्याचे बाबा म्हणतात की आता सगळीकडे कॅल्क्युलेटर आहे, पाढे पाठ करून कुणाचं भलं झालंय, आणि सासूबाई म्हणतात आम्हाला पावकी निमकी पाठ नसेल तर संध्याकाळी खेळायला सोडत नसत. मी दोघांच्या मधे. फोन काढून घेऊ का?
— एक आई, चिंचवड

ताई, फोन लगेच काढून घेऊ नका, आधी तो फोन कशासाठी मागतो ते आठवडाभर नुसतं बघा. आठ सत्तेसाठी मागत असेल तर नाही द्यायचा, अजिबात नाही. पण ३.१४ ला ६.८ च्या वर्गाने गुणायचंय म्हणून मागत असेल तर खुशाल द्या, त्या गुणाकारात शिकण्यासारखं त्याच्यासाठी आता काही उरलेलं नाही.

आता हे "आठ सत्ते" एवढं मनावर का घ्यायचं ते सांगते. आठवीत अवयव पाडायला असतात, समजा x² + १५x + ५६. इथे गुणाकार ५६ आणि बेरीज १५ येईल असे दोन आकडे शोधायचे असतात. ज्याला ५६ दिसल्याबरोबर सात आणि आठ दिसतात त्याचं गणित अर्ध्या मिनिटात सुटतं, आणि ज्याला दिसत नाहीत तो कॅल्क्युलेटरवर काय दाबणार? सात गुणिले आठ किती हे कॅल्क्युलेटर सांगेल, पण ५६ कशाकशाने बनतो हे विचारायला त्या साध्या कॅल्क्युलेटरवर बटणच नसतं. पाढा उलटा यावा लागतो, आणि उलटा यायला आधी सुलटा पक्का लागतो. पुढे अपूर्णांक, लसावि मसावि, वर्गमूळ सगळीकडे हेच. पाढ्यात अडकणाऱ्या पोराचं निम्मं डोकं तिथेच खर्च होतं आणि गणितात मुळात काय विचारलंय हे त्याच्या हातून निसटतं. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत "गणित समजत नाही" म्हणणारी कितीतरी मुलं मी अशी बघितली की त्यांना गणित समजत होतं, फक्त सात नवे त्रेसष्ट आठवेपर्यंत ती वाक्याची सुरुवात विसरायची.

पण म्हणून बाबा चुकले असं मी म्हणणार नाही. आपल्या पुस्तकातली गणितं कॅल्क्युलेटर नसतानाही सुटावीत अशी घडवलेली असतात. वर्तुळाची त्रिज्या बघा, बहुतेक वेळा ७, १४, २१ किंवा ३.५, म्हणजे २२/७ बरोबर छान कटते. मुलांना इतकी सवय होते की उत्तर वेडंवाकडं आलं की खाडाखोड करून परत पहिल्यापासून सोडवायला बसतात, बाई काहीतरी चुकलंय म्हणतात. खरी टाकी, खरं शेत, खरं लाईट बिल असं गोड आकड्यात येत नाही. खरे आकडे हाताळायचे असतील तर कॅल्क्युलेटर लागतो, आणि तो नीट वापरता येणं हेसुद्धा शिकवावंच लागतं, आपोआप येत नाही.

ते कसं येत नाही ते एकदा माझ्या वर्गातच दिसलं. नववीला वृत्तचितीचं घनफळ घेत होते आणि त्या दिवशी मुद्दाम कॅल्क्युलेटर आणायला सांगितलं होतं. टेबलावर माझा स्टीलचा डबा ठेवला, त्रिज्या ७ सेंमी, उंची १० सेंमी, मुलांनीच पट्टीने मोजली. पाय (π) घेतला ३.१४. एक मुलगा, तसा हुशार, सगळ्यात आधी हात वर, उत्तर म्हणे १५३.८६ घन सेंमी. शेजारच्यांचं १५३८.६. आता याने एका सातच्या आधी चुकून पॉइंट दाबला होता, पण तो ऐकायलाच तयार नाही, बाई कॅल्क्युलेटरवर आलंय, चुकेल कसं. मी डबा त्याच्या हातात दिला आणि विचारलं की १५३ घन सेंमी म्हणजे साधारण दीडशे मिली, कपभर चहा, या एवढ्या डब्यात कपभरच चहा मावेल का रे? त्याने डबा हातात फिरवून फिरवून बघितला आणि गप्प बसला. त्याने बटण दाबायच्या आधी पाय म्हणजे साधारण तीन, सात सत्ते एकोणपन्नास म्हणजे पन्नास, गुणिले दहा, असे दीड हजार मनात धरले असते तर १५३ दिसल्याबरोबर स्वतःच म्हणाला असता, छे, काहीतरी गडबड आहे.

तेव्हा घरात एक नियम करा. आधी अंदाज, तोही वहीच्या समासात पेनाने लिहायचा, आणि मगच बटण. तोंडी नाही चालणार, तोंडी अंदाज नंतर बदलता येतो. अंदाज आणि उत्तर जवळपास आलं तर पुढे जा, नाही आलं तर दोघांपैकी कोण चुकलं ते शोध. बाबांनाच रोज दोन वह्या बघायला बसवा, त्यांनाही पटेल.

सासूबाईंना या कामात घ्या. पावकी म्हणजे पावचा पाढा, निमकी अर्ध्याचा, मग पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी म्हणजे साडेतीनचा. हे सगळं पाठ करायला लावा असं मी आज कुणाला म्हणणार नाही, मण शेर गेले तसं त्याचं कामही गेलं. पण त्यातली एक युक्ती अजून सोन्यासारखी आहे. भाजी आणायला दोघांना एकत्र पाठवा आणि आजीने विचारायचं, ८० रुपये किलोने पाऊण किलोचे किती? आजी पाऊण पटकन कसं काढते बघा, पाव काढून वजा करते, ८० चे पाव २०, राहिले ६०. नातवाला ०.७५ गुणिले ८० सुचेल, चालेल, दोन्ही वाटा त्याला दिसू देत.

जाता जाता एक, कारण बऱ्याच जणांनी कळवलंय की मूल कॅल्क्युलेटरवर आकडा उलटा दाबतं. आपण म्हणतो पंचवीस, आधी पाच मग वीस, आणि लिहितो मात्र आधी २ मग ५. ऐकून बटण दाबणारं लहान मूल ५२ दाबतं यात त्याची चूक फार नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस सात, पन्नास दोन असंही म्हणायला सुचवलं होतं आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला, गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा पुस्तकाच्या समितीवर होत्या. मराठीतले आकडे बदलावे असं मला वाटत नाही, पण ती अडचण खरी आहे आणि पहिली दुसरीच्या मुलांना, पुढे कधी हातात कॅल्क्युलेटर देण्याआधी, आकडा मोठ्याने वाचायला आणि लिहायला लावा.

बाबांना पुरावाच हवा असेल तर अमेरिकेत १९८६ साली हेम्ब्री आणि डेसार्ट या दोघांनी तोपर्यंतचे ७९ अभ्यास एकत्र करून बघितले होते. नेहमीच्या शिकवण्याबरोबर कॅल्क्युलेटर वापरला तर मुलांचं हातावरचं गणित बिघडत नाही, उलट उदाहरणं सोडवायला मदत होते असं निघालं, फक्त चौथीच्या सर्वसाधारण मुलांमध्ये मात्र सतत वापराने पाया कच्चा राहिल्याचं दिसलं. इंग्लंडने ११ वर्षांच्या मुलांच्या परीक्षेतून २०१४ पासून कॅल्क्युलेटर काढून टाकला आणि सिंगापूरने सहावीच्या परीक्षेतल्या एका पेपरला २००९ पासून तो दिला, म्हणजे शहाणीसुरती माणसंही यावर एकमत नाहीत. माझं स्वतःचं मत विचाराल तर पाचवीपर्यंत नको, सहावी सातवीत बाईंच्या किंवा सरांच्या नजरेखाली, आठवीपासून वरच्या नियमाने.

मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. बोर्डाच्या फिजिक्स केमिस्ट्रीच्या पेपरवर लिहिलेलंच असतं, लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. जेईईला आणि सीईटीला तर काहीच नाही. आणि माझा दादा इंजिनिअरिंगला आहे तो म्हणतो तिकडे पहिल्या सेमपासून सायंटिफिक कॅल्सीशिवाय पान हलत नाही. मग दोन वर्षं आम्हालाच हा त्रास का?
— एक विद्यार्थी, लातूर

बाळा, तुझा वैताग समजतो. दादाचं बरोबर आहे, पुढे एमटेकच्या गेट परीक्षेलासुद्धा स्क्रीनवरच कॅल्क्युलेटर देतात. लॉग टेबल हे जुनं हत्यार आहे यात वाद नाही, आणि बोर्डाने साधा कॅल्क्युलेटर द्यायला हरकत नाही असं माझं मत आहे, ते मी इथे लिहूनही ठेवते. पण जोपर्यंत नियम हा आहे तोपर्यंत त्यातून मिळण्यासारखं आहे ते तरी घे. लॉग काढताना तुला आधी कॅरॅक्टरिस्टिक ठरवावा लागतो, म्हणजे संख्या हजारात आहे की हजारांशात हे टेबल उघडायच्या आधी तुझं तू ठरवतोस, टेबल ते सांगत नाही. वरच्या डब्याच्या गोष्टीत जो अंदाज करायचा राहिला तोच इथे तुझ्याकडून रोज करून घेतलं जातं.

तीन आकडे पाठ कर: लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग ३ म्हणजे ०.४७७१, लॉग ७ म्हणजे ०.८४५१. चार, पाच, सहा, आठ, नऊ यांचे त्यातूनच निघतात, पाच म्हणजे दहा भागिले दोन म्हणून १ मधून ०.३०१० वजा. हायड्रोजन आयन २ × १०⁻³ दिलं असेल तर पीएच ३ वजा ०.३०, २.७, टेबल उघडायची पण गरज नाही. आणि जेईईला आधी पर्याय बघायची सवय लाव, चारही पर्याय लांब लांब असतील तर गुरुत्वाकर्षणाचा g सरळ १० धर, जवळ जवळ असतील तरच ९.८ चा खटाटोप, पण प्रश्नातच किंमत दिली असेल तर तीच.

इंजिनिअरिंगला गेलास की पहिल्या दिवशी कॅल्सीचा मोड बघ. साइन ३० डिग्रीमध्ये ०.५ येतं आणि मोड रेडियनवर असेल तर −०.९८८. अख्खं गणित बरोबर आणि उत्तर मायनसमध्ये, असे मार्क गेलेली मुलं दरवर्षी मला भेटतात.

बाई, माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पंखे, वायर, स्विच, सगळं १८ टक्क्यांत. जीएसटी धरून वस्तू ५९० ला असेल तर मूळ किंमत काढायला मी कॅल्क्युलेटरवर ५९० मधून १८ टक्के वजा करतो, ४८३.८० येतात. आमचे सीए म्हणतात ५००. मुलगी दहावीला आहे, ती पण ५०० म्हणते. त्यात नवीन कॅल्क्युलेटर आणला तर त्यावर ५०० अधिक १८ टक्के दाबलं की ६०९.७५ येतात, दुकानदार म्हणतो मशीन चांगलं आहे. कुणाचं खरं?
— एक दुकानदार, सोलापूर

दादा, मुलीचं खरं. दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजन नावाचा धडा आहे, जीएसटी त्यातच आहे, तिने नीट केलेला दिसतोय. १८ टक्के लागतात ते मूळ किमतीवर. ५०० वर ९० लागले म्हणून ५९० झाले. तुम्ही परत येताना १८ टक्के ५९० चे काढताय, ते होतात १०६.२०, म्हणून सोळा रुपये जास्त कापले जातात. ५९० ला १.१८ ने भागा, ५०० येतील, कुठल्याही मशीनवर.

आणि मशीन बिघडलेलं नाही. काही डेस्कटॉप कॅल्क्युलेटरवर अधिक आणि टक्का एकत्र दाबलं की ते मार्कअप धरतात, म्हणजे विक्रीच्या किमतीवर १८ टक्के सुटले पाहिजेत असं समजून ५०० ला ०.८२ ने भागतात, तेच तुमचे ६०९.७५. व्यापाऱ्याला नफा काढायला ते बरं पडतं, जीएसटीला नाही. त्यामुळे टक्क्याच्या बटणाच्या नादी लागू नका, ५०० गुणिले १.१८ दाबा. नवीन मशीन आणलं की आधी ज्याचं उत्तर तुम्हाला तोंडपाठ आहे असं एक गणित त्यावर करून बघा, १०० आणि १० टक्के, ११० आले का, बस.

माझ्या मुलीला डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडेमोडीची अध्ययन अक्षमता, आहे असं तपासणीत निघालं. सातवीत आहे. नातेवाईक म्हणतात कॅल्क्युलेटर दिला तर ती कायमची पांगळी होईल. मी खूप गोंधळले आहे.
— एक आई, नाशिक

ताई, द्या. वर चिंचवडच्या ताईंना जे लिहिलं ते तुमच्या लेकीला लागू नाही. आकडे लक्षात न राहणं हा तिचा आळस नाही, चष्म्याचा नंबर असतो तसा हा प्रकार आहे आणि चष्मा लावला म्हणून कुणी आंधळं होत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अशा अध्ययन अक्षमता धरलेल्या आहेत आणि बोर्डाच्या परीक्षेत या मुलांना कॅल्क्युलेटरची सवलत मिळते. त्यासाठी सरकारमान्य हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं, ते आत्ताच काढायला घ्या, नववी दहावीपर्यंत थांबू नका, अपॉइंटमेंटलाच महिने जातात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. घरी तिला बेरीज करायची की भागाकार हे ठरवायला लावा, पुढचं काम मशीनला करू दे. आणि नातेवाइकांसमोर तिला पाढे विचारू देऊ नका, कुणालाही, सख्ख्या आजोबांनासुद्धा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी सातवीला शिकवतो. एका दात्याने पंधरा साधे कॅल्क्युलेटर दिलेत. कपाटात पडून आहेत, दिले तर मुलं बिघडतील अशी भीती वाटते. आमची मुलं आठवडी बाजारात हिशेब एकदम चोख करतात आणि तेच वर्गात फळ्यावर लिहिलं की अडतात. काय करावं?
— एक शिक्षक, नंदुरबार

सर, तुम्ही जे बघताय ते खूप महत्त्वाचं आहे. २०२५ मध्ये नेचर या नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आलाय, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर, त्यात हेच निघालं की गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब मनात करणारी मुलं तसंच शाळेतलं गणित कागदावर करू शकत नव्हती. तेव्हा आठवडी बाजाराचाच हिशेब वर्गात आणा, मुलांनी आधी त्यांच्या पद्धतीने तोंडी सांगायचा, मग वहीत मांडायचा आणि शेवटी कॅल्क्युलेटरवर तपासायचा.

कपाट उघडाच. पहिल्या दिवशी सगळ्यांना २ + ३ × ४ = दाबायला सांगा. तुमच्या साध्या मशीनवर २० येईल. मग तुमच्या मोबाईलवर तेच दाबून दाखवा, १४ येईल. कोण खरं म्हणून विचारा आणि तास त्यांच्यावर सोडा. कंचेभागुबेव, म्हणजे आधी कंस, मग चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, हे मुलं पाठ म्हणतात, पण ते कशासाठी आहे हे त्यांना त्या दिवशी कळतं, कारण साधं मशीन दाबाल त्या क्रमाने करत जातं, त्याला गुणाकार आधी हे माहीतच नसतं.

दुसरा खेळ, आठचं बटण बिघडलंय असं समजायचं आणि ४८ × २५ काढायचं. कुणी ५० × २५ करून त्यातून दोनदा २५ वजा करतं, कुणी २४ × ५० करतं, कुणी १२ × १००. एका पोरीने माझ्याकडे ४७ × २५ करून वर २५ मिळवले होते. सगळ्यांचं १२००. कॅल्क्युलेटर हातात असूनही डोकंच चालवावं लागतं असे खेळ निवडा, मुलं नाही बिघडत.

आणि एक पूर्ण तास कापरेकरांना द्या. द. रा. कापरेकर तुमच्यामाझ्यासारखेच शाळामास्तर, नाशिकजवळ देवळालीला शिकवायचे, १९८६ मध्ये गेले. त्यांनी शोधलेला ६१७४ आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जातो. चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या, मोठीतून लहान वजा करायची, येईल त्याचं परत तेच. २०११ साल घ्या. २११० वजा ०११२, १९९८. मग ९९८१ वजा १८९९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४, आणि पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचतोच. हातावर वजाबाक्या करत बसलं तर मुलं तिसऱ्या पायरीला कंटाळतात, कॅल्क्युलेटरवर प्रत्येक जण तासाभरात दहा संख्या तपासून बघतो आणि वर्ग दणाणून जातो.

दोन ठिकाणी अडतील, तेवढं लक्ष ठेवा. कुणी २१११ घेईल, त्याला वजाबाकी ९९९ दिसेल आणि तो म्हणेल सर तीनच अंक आले. पुढचं शून्य मशीन दाखवत नाही, ते त्याने स्वतः धरायचं असतं, ०९९९, मग ९९९० वजा ०९९९. आणि कुणीतरी ११११ घेणारच, त्याचं पहिल्याच फेरीत शून्य होईल. त्याला लगेच सांगू नका, खडू हातात द्या आणि असं का झालं ते त्यालाच फळ्यापाशी येऊन सांगू द्या.